एकतीस जूनचा सामना

शनिवार, ३१ जून रोजी टॅनर्स क्रॉसिंग क्लबनं यारांडिला क्लबचा २२–१८ असा पराभव केला, आणि आमचा कप्तान मर्व्ह हॉलोवे क्लबकडून दोनशे सामने खेळणारा दुसरा माणूस ठरला. पहिला त्याचा बाप.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचून झालं असेल तर ते परत करावं. क्लबचा चिटणीस या नात्यानं मला तसं लेखी कळवण्यात आलंय, आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. म्हणून जे झालं नाही ते कसं झालं नाही, तेवढंच सांगतो.

आमच्याकडे रग्बी लीग खेळतात. तेरा माणसं इकडे, तेरा तिकडे, मध्ये एक चेंडू आणि भोवती सगळं गाव. आमच्या गावात मी धरून चौदा खेळाडू आहेत. मी कडेला खेळतो, जिथे चेंडू सहसा येत नाही. ही व्यवस्था मला आणि चेंडूला दोघांनाही मान्य आहे.

मर्व्ह मात्र मधोमध खेळतो. आठवडाभर लोकांच्या रानांना कुंपणं घालतो आणि शनिवारी स्वतःच कुंपण होतो. वय सदतीस, हंगाम सतरा, सामने एकशे नव्व्याण्णव. उजवा गुडघा असा वाजतो की मुलाखतीला आलेल्या रेडिओवाल्यानं मध्येच थांबून विचारलं, "दार कुणी उघडलं का?"

क्लबघरात एक लाकडी फळा आहे. त्यावर सोनेरी अक्षरात एकच नाव: रॉय हॉलोवे, २०० सामने. म्हणजे मर्व्हचा बाप. रंगाऱ्यानं खाली आणखी एका नावापुरती जागा सोडली होती. चाळीस वर्षं कुणी तिथवर पोचलं नाही, म्हणून आम्ही तिथं डार्ट बोर्ड टांगला.

यंदा मे महिन्यात दोन पत्रं एकाच टपालानं आली. पहिलं ब्रिस्बेनच्या इस्पितळाचं. चौदा महिने वाट पाहिलेली गुडघ्याची शस्त्रक्रिया मंगळवारी, चार जुलैला. त्यानंतर चालायला हरकत नाही, खेळायचं नाव काढायचं नाही. दुसरं पत्र जिल्हा लीगचं. मर्व्ह हॉलोवे यांची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आहे. किनाऱ्याच्या संघाविरुद्ध, पेनिंग्टन इथे, शनिवार, एक जुलै.

सतरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि क्लबच्या वेळापत्रकात एक जुलैला काय होतं? टॅनर्स क्रॉसिंग विरुद्ध यारांडिला, आमच्याच मैदानावर. मर्व्हचा दोनशेवा.

"मी जिल्ह्याला नाही कळवतो," मर्व्ह म्हणाला.

"नियम सात," मी म्हणालो. "जिल्ह्याला नाही म्हटलं की त्या दिवशी क्लबकडूनही खेळता येत नाही."

"मग क्लबला नाही कळवतो."

त्याची आई, आयव्ही आजी, कोपऱ्यात बसून स्कोन नावाच्या छोट्या पावांना लोणी लावत होती. वय एक्क्याऐंशी. सुरी खाली न ठेवता ती म्हणाली, "तुझ्या बापाला जिल्ह्यानं कधी बोलावलं नाही. मरेपर्यंत टपाल पेटीकडे बघायचा. आणि त्या फळ्यावर बापाच्या खाली तू नसलास, तर मी तरी त्याच्या शेजारी कशाला पुरून घेऊ? काय तोंड दाखवू?"

"अगं आई, म्हणजे मी नक्की काय करू?"

"दोन्ही कर. चिटणीस कशाला ठेवलाय आपण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कोनकडे पाहिलं.

हा घोळ एकट्या मर्व्हचा नव्हता. जिल्ह्याला सामना जिंकायचा असतो, म्हणून तो क्लबांची चांगली माणसं उचलतो. क्लबांना माणसं हवी असतात, कारण उरलेल्यांत माझ्यासारखे असतात. दर वर्षी पाचही क्लबांचे चिटणीस पेनिंग्टनला जमून भांडतात, आणि दर वर्षी "वेळापत्रकाचा समतोल साधण्यात यावा" असा ठराव होतो. समतोल अजून आलेला नाही. बहुतेक त्याची निवडही दुसरीकडे झाली असावी.

मी तातडीची बैठक मागवली.

जिल्हा लीगच्या सचिव बेरिल ऑगर. निवृत्त शिक्षिका. जिल्ह्यातल्या प्रत्येक खेळाडूनं त्यांच्या हातचे गुण घेतलेत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. सव्वीस वर्षं सचिव, सव्वीस वर्षांत एक चूक नाही. निदान ती दाखवायची कुणाची छाती झालेली नाही.

पेनिंग्टनच्या सभागृहाच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. क्लाइव्ह पेटिंगर या आमच्या गावच्या खाटकाचं. दर शुक्रवारी क्लबांत मटणाचं बक्षीस असलेली सोडत निघते, तिला पाचही क्लबांना मटण तोच पुरवतो, त्यामुळे पाचही क्लबघरांत, शाळेत, चर्चमध्ये आणि माझ्या स्वयंपाकघरात त्याचंच कॅलेंडर असतं. वर मांसाच्या तुकड्याचं चित्र, खाली तारखा, शनिवार लाल. आमच्या भागात शनिवार सोडून बाकीचे दिवस कुणी बघत नाही.

"बोल," बाई म्हणाल्या. "उभा राहून बोल."

मी उभा राहिलो. "बाई, एक जुलैचा क्लब सामना दुसऱ्या शनिवारी हलवावा ही विनंती."

"दहा जून?"

"घोड्यांच्या शर्यती," पाच जण एकदम.

"सतरा?"

"कृषी प्रदर्शन."

"चोवीस?"

यारांडिलाचा प्रशिक्षक डोनी स्प्रॅट उठला. मानेऐवजी त्याला थेट खांदेच आहेत. "बाई, चोवीसला लग्न आहे. नवरा आमचा, नवरीचे चार भाऊ आमचे, आणि नवरीनं नाकारलेला तो पण आमचाच. तिघं-चौघं तरी जायबंदी होतील."

"मग रविवार घ्या."

"पंच मिळणार नाही." आमच्या जिल्ह्यात एकच पंच आहे आणि तो पाद्री आहे.

"आठ जुलै?"

"मर्व्हचा गुडघा," मी म्हणालो. "तोवर तो ब्रिस्बेनला काढलेला असेल."

मी कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिलो. जूनच्या पानावर कोकराचा खांदा होता. त्याखाली दहा, सतरा, चोवीस, सगळ्या लाल चौकटी नोंदींनी भरलेल्या. आणि अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, एक लाल चौकट कोरी करकरीत.

"बाई! हा शनिवार मोकळा आहे की!"

बाईंनी चष्मा लावला. "एकतीस. कुणाचं काही आहे त्या दिवशी?"

कुणाचं काही नव्हतं. लग्न नाही, शर्यत नाही, टाकी धुणं नाही, कुणाची मेंढी व्यायची नाही. एवढा रिकामा शनिवार आमच्यापैकी कुणी आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हाच संशय यायला हवा होता. पण आम्हाला वाटलं, नशीब.

मी पान उलटलं. जुलैवर गोमांसाची फासळी, आणि पहिल्याच चौकटीत लाल एक. जिल्ह्याचा सामना जागच्या जागी. एक शनिवार क्लबचा, त्यालाच लागून पुढचा जिल्ह्याचा. इतका समतोल मी फक्त क्लाइव्हकाकाच्या तराजूत पाहिला होता, तोही कुणी बघत असताना.

"दोघांच्या मध्ये आठवडाभर विश्रांतीही मिळते," डोनी म्हणाला. त्याच्याही लक्षात काही आलं नाही. तो बाईंचाच विद्यार्थी.

ठराव एकमतानं मंजूर झाला. बाईंनी सही केली, शिक्का मारला: शनिवार, ३१ जून.

महिना मजेत गेला. मर्व्ह रोज पहाटे गुडघ्याला घोड्याचं मलम चोळून धावायचा. क्लबघरातला डार्ट बोर्ड आम्ही समारंभपूर्वक उतरवला. खालची जागा भोकंच भोकं झालेली होती, ती भोकं आयव्ही आजीनं स्वतः लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली.

एकोणतीस जूनला, गुरुवारी, मी क्लाइव्हकाकाच्या दुकानात सॉसेज घ्यायला उभा होतो. पुढे आजी होती.

"रविवारसाठी कोकराची तंगडी बाजूला ठेव," ती म्हणाली. "दोन तारखेला घेईन."

"रविवारी एक तारीख, आजी," क्लाइव्हकाका म्हणाला. "उद्या तीस, परवा एकतीस, रविवारी एक."

आजीनं पिशवी खाली ठेवली. डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या हाताच्या बोटानं उंचवटे मोजायला लागली. "जानेवारी वर, फेब्रुवारी खाली, मार्च वर..." जून आला तेव्हा बोट दोन उंचवट्यांच्या मधल्या खळगीत होतं. तिनं पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर मोजलं. मग माझा हात ओढून त्यावर मोजलं.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "एकतीस जून माझ्या मुठीत नाही."

"कॅलेंडरमध्ये आहे की."

"तुझ्या कॅलेंडरमध्ये आहे. छापून आलं तेव्हा तपासलं नाहीस?"

"तपासलं ना! बाराही महिने तपासले." क्लाइव्हकाका दुखावला. "चित्रं एकदम बरोबर होती."

मी जूनचं पान उलटलं. पलटलं. पुन्हा उलटलं. शनिवार एकतीस जून. शनिवार एक जुलै. दोन पानांवर दोन लाल चौकटी, आणि दोन्ही परवाच.

आमच्या गावात फोन फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर लागतो, सातव्या पायरीपासून वर. मी नवव्या पायरीवरून बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही की मी आणखी दोन पायऱ्या चढलो.

"ते पत्र," बाई शेवटी म्हणाल्या, "माझ्या सहीनं गेलंय?"

"शिक्क्यासकट, बाई."

"किती जणांकडे?"

"पाच क्लब, पंच, दोन्ही संघ आणि बेकरीच्या खिडकीत एक."

सव्वीस वर्षं एका बाजूला आणि एक तारीख दुसऱ्या बाजूला, असं काहीतरी त्या तोलत असाव्यात.

"मग ती तारीख आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई, नियम चौदा. एका खेळाडूनं एका तारखेला एकच सामना—"

"तू माझ्या वर्गात कुठे बसायचास?"

"खिडकीशी, बाई."

"तरीच. एकतीस आणि एक हे आकडे सारखे आहेत का?"

"नाही, बाई."

"जून आणि जुलै?"

"नाही, बाई."

"मग नियम कुठे मोडतोय? एकतीस जूनचा सामना सकाळी नऊला घ्या. एक जुलैचा तीन वाजता आहे. मध्ये एकशे साठ किलोमीटर. आणि शिडीवरून नीट उतर, तू आमचा एकुलता एक विंगर आहेस." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे क्लबचा. जिल्ह्यात तुला कुणी घेणार नाही."

शनिवारी सकाळी मैदानावर दहिवर पडलं होतं. यारांडिलाचा संघ नव्वद किलोमीटरवरून आला. पेनिंग्टनच्या उलट दिशेला यावं लागलं म्हणून ते वैतागले होते, पण आले. "बाईंच्या हातचं पत्र आहे," डोनी म्हणाला. "महिना बत्तीस दिवसांचा आहे म्हणाल्या असत्या तरी आलो असतो."

गोलच्या खांबांमागच्या निलगिरीच्या झाडाखाली बाईंची हिरवी गाडी उभी होती. मी हात केला तर काच वर गेली. नंतर त्यांनी स्पष्ट सांगितलं, एकतीस जूनला आपण घरीच होतो.

सामना अटीतटीचा झाला. दोन मिनिटं उरली तेव्हा १८–१८. मर्व्हचा गुडघा सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. आणि त्या क्षणी, हंगामात पहिल्यांदाच, चेंडू माझ्याकडे आला.

मी घाबरलो. समोरून डोनीची तीन माणसं धावत येत होती, सगळी गेल्या शनिवारच्या लग्नातल्या जखमांची. मी डोळे मिटून चेंडूला लाथ मारली. तो सरळ जाऊन गोलच्या खांबावर आदळला, माझ्या डोक्यावरून मागे उडाला आणि मागून दुडक्या चालीनं येणाऱ्या मर्व्हच्या पोटात शिरला. मर्व्ह थांबू शकला असता तर थांबला असता. पण तो गुडघा सुरू व्हायला जेवढा वेळ घेतो तेवढाच थांबायलाही घेतो. तो तसाच माझ्यासकट पुढे आला, आणि आम्ही दोघं रेषेपलीकडे कोसळलो. खाली मी, वर मर्व्ह, मध्ये चेंडू.

पाद्र्यानं शिट्टी फुंकली. "ट्राय! मला स्पष्टीकरण विचारू नका!"

रेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे चार गुण. २२–१८.

"वारा किती सुटलाय," मर्व्ह डोळे पुसत म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

"उत्सव नंतर," आजी ओरडली. "गाडीत बस!"

मर्व्हचा गुडघा तोवर भोपळ्याएवढा झाला होता. बर्फ गावात मिळेना. तेव्हा क्लाइव्हकाकानं आपली मटणाची थंडगार व्हॅन पुढे आणली. "चूक माझी आहे," तो म्हणाला, "गार पण मीच करतो." एकशे साठ किलोमीटर मर्व्ह मागे सोललेल्या कोकरांच्या मध्ये आडवा पडून होता, आणि उजवा पाय एका रिकाम्या आकड्याला फडक्यानं बांधलेला होता. मी सोबत होतो. दर अर्ध्या तासानं आजी पुढून भिंतीवर ठोकायची, "जिवंत आहे का रे?"

"कोण? मर्व्ह की कोकरू?"

"दोघंही!"

पेनिंग्टनला उतरला तेव्हा मर्व्हच्या भुवयांवर बर्फ होता, पण गुडघा ओसरला होता. जिल्ह्याचा निळा शर्ट त्यानं अंगात घातला आणि बराच वेळ बाहीच हातानं सरळ करत बसला. तो जवळजवळ दीड तास बाकावर होता, आणि त्या वेळात मैदानाशेजारची चार कुत्री त्याच्याभोवती जमली होती. शेवटची नऊ मिनिटं उरली असताना त्याला आत पाठवलं. कुत्रीही निघाली होती, त्यांना पाद्र्यानं अडवलं.

जिल्हा ३०–१२ असा हरत होता. पण मर्व्हच्या नऊपैकी सातव्या मिनिटाला किनाऱ्याचा सगळ्यात मोठा माणूस, फ्रीजला पाय फुटावेत तसा, थेट मर्व्हवर धावून आला. मर्व्ह हललाच नाही. धडक बसल्याचा आवाज झाला, गुडघा वाजला, आणि फ्रीज खाली बसला. उठताना त्यानं मर्व्हला हुंगलं.

"तू काय खाटीक आहेस का रे?"

"नाही," मर्व्ह म्हणाला. "कुंपणवाला."

आजी खुर्चीवर उभी राहिली होती. तिच्या शेजारी बाईही उभ्या होत्या. एक जुलै असल्यानं त्यांना उभं राहायला हरकत नव्हती.

सोमवारी मी लीगच्या राज्य कार्यालयाच्या संगणकावर दोन्ही सामने नोंदवायला बसलो. तारीख लिहिली: ३१ जून. संगणक म्हणाला, कृपया अस्तित्वात असलेला दिवस निवडा. मी एक जुलै लिहून पाहिलं. पडदा लाल झाला: सदर खेळाडू एकाच दिवशी दोन सामने खेळलेला दिसतो, नोंद केल्यास दोन्ही बाद. मी भीतीनं संगणकाची वायरच काढली.

मग मी कार्यालयाला पत्रानं विचारलं, तेव्हा लेखी उत्तर आलं. ३१ जूनचा सामना झालेला नाही. श्री. हॉलोवे यांचे एकूण सामने: एकशे नव्व्याण्णव.

आणि फळ्यावर सोनेरी रंगानं नाव लिहायला राज्य कार्यालयाचा दाखला लागतो. हा नियम खुद्द रॉय हॉलोवेनंच केलाय, कुणी उगाच घुसू नये म्हणून.

मर्व्ह आता कुबड्यांवर असतो. शुक्रवारी क्लबघरात येतो, बापाच्या नावाखालच्या कोऱ्या जागेकडे बघतो आणि म्हणतो, "चिटणीस, तो डार्ट बोर्ड लावून टाक परत. आता मला तेवढाच खेळ उरलाय."

"हात लावून तर बघ," आजी म्हणते. "लांबी मी भरलीय."

सोनेरी रंगाचा डबा आणून ठेवलेला आहे. त्याचं झाकण आजीच्या कपाटात आहे, कारण तिचा मर्व्हवर विश्वास आहे, पण रंगाऱ्यावर नाही; तो डबा बंद करून निघून जाईल. क्लाइव्हकाकानं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर छापायला दिलंय. जूनचे दिवस किती ठेवू, असं छापखान्यानं या वेळी विचारलं. तो म्हणाला, चिटणिसांच्या पत्राचं उत्तर येऊ दे. ते पत्र असं:

प्रति,
प्रमुख, कालगणना विभाग (असा विभाग नसल्यास तो स्थापन करून त्याचे प्रमुख),
कॅनबेरा.

विषय: जून महिन्यास एक दिवस मंजूर करणेबाबत.

महोदय/महोदया,

क्लब व जिल्हा सामन्यांचा समतोल साधण्याच्या हेतूने, जून महिन्यास एकतिसावा दिवस यंदाच्या वर्षापुरता, पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती. सदर दिवस शनिवार असावा. संपूर्ण दिवस देणे शक्य नसल्यास सकाळी नऊ ते साडेदहा एवढा भाग पुरेसा आहे. जुलै महिन्यास एकतीस दिवस असून त्यातील शेवटचा आमच्या भागात कुणी वापरत नाही, तो वळता करून घेतल्यास आमची हरकत नाही. पुरावा म्हणून श्रीमती आयव्ही हॉलोवे यांची मूठ तपासणीसाठी उपलब्ध आहे.

प्रकरण तातडीचे आहे, कारण रंगाचा डबा उघडलेला आहे. तरी आपले उत्तर येत्या ३१ जूनपूर्वी मिळावे.